जुनं रिव्हॉल्व्हर वारंवार मिसफायर होतंय? आधी हात थांबवा, मग हा क्रम धरा

"दादा, परत टक् झालं."

"मग काय केलंस?"

"परत ओढला की चाप. दुसऱ्या खेपेला सुटली."

असा फोन मला वर्षातून दोन-तीनदा येतो. माझी फौजेतली नोकरी संपली, तेव्हापासून खानापूर-बेळगाव भागातले ओळखीचे परवानाधारक हत्याराचं काही बिघडलं की मलाच विचारतात. त्यांतले बरेच माझ्यासारखेच निवृत्त. बँकेच्या किंवा एटीएमच्या गाडीवर नोकरी मिळावी म्हणून .३२ बोअरचं जुनं रिव्हॉल्व्हर घेतलेले. सगळे तीच चूक करतात. टक् झालं की पहिल्यांदा बोट हलतं, डोकं नंतर चालतं. म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय. तो उलटसुलट करू नका.

हे फक्त परवाना असलेल्या, नंबर शाबूत असलेल्या हत्यारासाठी आहे. नंबर घासलेला असेल, किंवा हत्यार 'आजोबांच्या पेटीत सापडलं' असेल, तर दुरुस्तीचा विषयच सोडा आणि वकिलाला घेऊन पोलीस ठाण्यात जा.

## तयारी : हत्याराला हात लावण्याआधी

कागद. परवाना काढून टेबलावर ठेवा आणि चार गोष्टी वाचा: हत्याराचा नंबर, बोअर (नळीचं माप), मुदत आणि हद्द. हद्दीचा रकाना आपल्याकडे कुणीच वाचत नाही, आणि सीमाभागात तोच जड जातो. त्याबद्दल सहाव्या टप्प्यात सविस्तर लिहिलंय. परवान्यावरचा आणि हत्यारावरचा नंबर एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. सेकंडहँड हत्याराची नोंद हाताने झालेली असते, त्यात ३ चा ८ झालेला मी पाहिलाय.

जागा. एक रिकामं टेबल, त्यावर जाड टॉवेल. भरपूर उजेड. पोरंबाळं दुसऱ्या खोलीत, मोबाईल बंद. बाटलीतलं काही घेतलेलं असेल तर आज नाही, उद्या.

सामान. झाकणाचा छोटा डबा (संशयित काडतुसांसाठी), वही, पेन, बारीक बॅटरी, सुती फडकं, बोअरच्या मापाचा पितळी ब्रश आणि बंदुकीचं तेल. एवढं पुरे. स्क्रू-ड्रायव्हर आणू नका. समोर असला की हात त्याच्याकडेच जातो.

## टप्पा १ : टक् झाल्यानंतरचं पहिलं मिनिट

चाप ओढला, घोडा (चापाने पडणारा हातोडा) पडला, पण नेहमीचा बार नाही. अशा वेळी तीन शक्यता असतात आणि घाईत तिन्ही सारख्याच वाटतात.

पहिली, खरा मिसफायर. टोपी (काडतुसाच्या बुडातली, दारूला ठिणगी देणारी) पेटलीच नाही.

दुसरी, हँगफायर. टोपी धुमसतेय, बार उशिरा होणार. हा उशीर बहुधा सेकंदाच्या आतबाहेरचा असतो, पण 'बहुधा' या शब्दावर आपली बोटं पणाला लावायची नसतात.

तिसरी, फुसका बार. टोपी पेटली, पण दारू कमी होती किंवा भिजलेली होती. 'टक्'ऐवजी 'फुस्स' किंवा 'पक्' होतं, हाताला झटका नेहमीपेक्षा हलका लागतो, आणि गोळी नळीतच अडकून बसते.

काय करायचं:

१. नळी आहे तिथेच, सुरक्षित दिशेला ठेवा. रेंजवर असाल तर निशाण्याकडेच.

२. बोट चापावरून काढून बाजूला सरळ ठेवा.

३. मनात साठपर्यंत मोजा. काही ठिकाणी तीसच शिकवतात. मी साठ सांगतो, कारण घाबरलेला माणूस भरभर मोजतो.

४. शेजारच्यांना मोठ्याने सांगा: "मिसफायर, थांबा."

इशारा. रिव्हॉल्व्हरचा चाप दुसऱ्यांदा ओढला की चक्री (काडतुसं ठेवायचा गोल भाग) फिरते. धुमसणारं काडतूस नळीसमोरून बाजूला सरकतं आणि त्या क्षणी पेटलं तर गोळीला जायला वाटच नसते. पिस्तुलात हीच चूक स्लाईड (वरचा सरकता भाग) लगेच मागे ओढून होते. काडतूस बाहेर पडून तुमच्या तळहाताजवळच फुटू शकतं.

इशारा. आवाज 'फुस्स' आला असेल तर पुढचा बार कदापि नको. अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी आदळली की नळी फुगते किंवा फाटते. खऱ्या मिसफायरने सहसा कुणाला इजा होत नाही, फुसक्या बारानंतरच्या दुसऱ्या गोळीने होते.

## टप्पा २ : हत्यार खाली करणे

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतं ते कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर. सहा गोळ्यांचं, मधून मोडून उघडणारं, जुन्या इंग्रजी वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या धाटणीचं. हे उघडलं की नळी खाली झुकते आणि चक्रीची मागची बाजू सरळ तुमच्या तोंडाकडे येते. काडतुसाला मागून आधार देणारी पोलादी भिंतही बाजूला होते. म्हणून साठ मोजून झाल्यावरसुद्धा उघडताना ते शरीरापासून लांब आणि थोडं आडवं धरा. तोंड वळवा, चष्मा असेल तर घाला.

दुसरी अडचण अशी की पूर्ण उघडलं की सहाही काडतुसं एकदम उसळून बाहेर पडतात. कोणतं चक्रीच्या कुठल्या घरातलं (भोकातलं) ते कळत नाही, आणि पुढचा सगळा तपास त्यावरच उभा आहे. त्यामुळे सावकाश, टॉवेलवर, अर्धंच उघडा. काडतुसं जेमतेम वर उचलली गेली की थांबा आणि न फुटलेलं काडतूस आधी बोटांनी काढा. चक्रीच्या त्या घराजवळ बाहेरून मार्करने बारीक ठिपका द्या. मग बाकीची काढा.

पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन बाहेर, नंतर स्लाईड. उलट केलंत तर मॅगझिनमधलं पुढचं काडतूस वर चढतं आणि हत्यार रिकामं समजून भरलेलंच हातात राहतं.

तपासणी. चक्रीची सहाही घरं डोळ्यांनी बघा, मग प्रत्येकात बोटाचं टोक घाला. पिस्तूल असेल तर चेंबरमध्ये करंगळी.

न फुटलेलं काडतूस झाकणाच्या डब्यात ठेवा. खिशात नको, देव्हाऱ्याच्या कपाटात नको. चांगल्या काडतुसांत तर अजिबातच नको. एकदा मिसळलं की ते परत चक्रीत येणारच.

## टप्पा ३ : नळी

पुढून नळीत डोकावायचं नाही. रिकामं हत्यार उघडं ठेवा, पुढच्या तोंडाशी पांढरा कागद धरा, त्यावर बॅटरी मारा आणि मागच्या बाजूने, एका रिकाम्या घरातून बघा. स्वच्छ गोल उजेड दिसला पाहिजे. काळं दिसलं, चंद्रकोर दिसली किंवा उजेडच आला नाही, तर काम इथेच थांबलं. गज घालून ठोकू नका. तसंच गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे) न्या.

## टप्पा ४ : टोपीवरची खूण वाचा

यातच सगळ्यांत जास्त कळतं, आणि लोक नेमका हाच टप्पा गाळतात. न फुटलेलं काडतूस आणि त्याच हत्यारातून फुटलेली रिकामी केस (पितळी नळकांडी) शेजारी ठेवा. दोन्हींच्या बुडाच्या मधल्या टोपीवर फायरिंग पिनचा (टोपीवर आदळणाऱ्या खिळीचा) खळगा असतो. बॅटरी तिरकी धरली की त्याची खोली सावलीवरून कळते.

खळगा खोल आणि बरोबर मध्ये, तरी बार नाही: दोष काडतुसाचा. हत्यारावर संशय घेऊ नका.

खळगा उथळ, नखाने टेकवल्यासारखा: मार हलका बसतोय. चिकटलेलं तेल, थकलेली स्प्रिंग, झिजलेली पिन किंवा काडतूस नीट बसलेलं नसणं, यांतलं काहीतरी आहे.

खळगा एका बाजूला सरकलेला: चक्री नळीसमोर बरोबर थांबत नाही. हे गंभीर आहे. असं हत्यार बार करतं तेव्हाही गोळी नळीच्या काठाला घासून शिसं उडवते. साफसफाई करून परत रेंजवर न्यायच्या फंदात पडू नका.

खळगाच नाही: पिन मोडली आहे किंवा पुढे येतच नाही.

मग वहीत लिहा: तारीख, कितवं घर, खळगा कसा, घोडा अंगठ्याने मागे ओढून चाप दाबला होता की नुसता चाप ओढला होता. नुसत्या चापाने घोडा कमी मागे जातो, म्हणून स्प्रिंग थकली की आधी तिथेच दगा देते. तीन-चार नोंदी झाल्या की चित्र स्पष्ट होतं. दरवेळी ठिपक्याचंच घर असेल तर त्या घरात घाण किंवा ओरखडा आहे. घर बदलत असेल पण काडतुसाची पेटी तीच असेल, तर पेटी बाद. सगळ्या घरांत, सगळ्या पेट्यांत होत असेल तर दोष आतल्या कामात आहे.

## टप्पा ५ : जे घरी करता येतं तेवढंच

काडतुसं. '.३२ द्या' म्हणून दुकानात उभं राहणं पुरत नाही. रिव्हॉल्व्हरचं काडतूस स्मिथ अँड वेसन लाँग जातीचं, केस सुमारे २३ मिलिमीटर लांब, बुडाला ठसठशीत कड असलेलं. .३२ पिस्तुलाचं, म्हणजे एसीपी जातीचं, केस सुमारे १७ मिलिमीटर, कड जेमतेम बाहेर आलेली. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात शिरतं आणि माणसाला वाटतं बसलं. ते तिथे सैल राहतं, पिनचा मार खाऊन पुढे सरकतं आणि टोपी पेटत नाही. पेटलंच तर केस फाटण्याची भीती. एका निवृत्त हवालदाराने वर्षभर 'हत्यार बिघडलंय' म्हणून डोकं धरलं होतं. पेटी बघितली तर पिस्तुलाची.

पेटीवर वर्ष बघा. पितळेवर हिरवट बुरशीसारखं आलंय का बघा. हा हिरवा थर आपल्याकडे बहुतेक वेळा चामड्याच्या पट्ट्यामुळे येतो. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळ्यात घरातलं मीठसुद्धा पाणी सोडतं, तिथे चामडं ओल धरून बसतं आणि ती ओल पितळेला खाते. हत्यार आणि काडतुसं दोन्ही चामड्यात साठवू नका. घट्ट झाकणाचा डबा, त्यात बूट-चपलांच्या खोक्यातून येतात तशा सिलिका जेलच्या पुड्या, आणि काडतुसं हत्यारापासून वेगळी, कुलपात.

दमट काडतुसं गच्चीवर उन्हात ठेवणारे आहेत. तव्यावर शेकवणारेही भेटले. दोन्ही वेडेपणा आहे. एकदा भिजलेल्या टोपीवर भरवसा ठेवता येत नाही, आणि गरम केल्यावर ती कधी मनावर घेईल याचा नेम नाही. न फुटलेलं काडतूस पक्कडीत धरून उघडणं, खिळ्याने ठोकून बघणं, विहिरीत टाकणं हेही नको. साठलेली बाद काडतुसं परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्याला विचारून, लेखी पोच घेऊन द्या. परवान्यावर काडतुसांचा हिशेब असतो.

तेल. बेळगावच्या थंडीत मिसफायरचे फोन वाढतात. कारण स्वयंपाकघरात असतं. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि इथली डिसेंबरची सकाळ त्याच्या खूप खाली असते. घोड्याच्या सांध्यात आणि स्प्रिंगच्या खोबणीत घातलेलं खोबरेल तुपासारखं बसतं, घोडा जडपणे पडतो, खळगा उथळ येतो. दुपारी ऊन चढलं की तेच रिव्हॉल्व्हर ठणठणीत. मग लोक म्हणतात, याला काहीतरी बाधा आहे.

शेंगतेल वाळून डिंकासारखं होतं. शिलाई मशीनचं तेल त्यापेक्षा बरं, पण बदाबदा ओतलं तर तेही झिरपून टोपीत शिरतं आणि काडतूस मारतं. बंदुकीचं तेल एक-दोन थेंब, मग कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळं पुसून घ्या. चक्रीची घरं आणि पिनच्या छिद्राभोवतालची जागा कोरडीच ठेवा.

ब्रश. नळी आणि सहाही घरं मागच्या बाजूने ब्रशने साफ करा. घराच्या कडेला काळा थर असेल तर काडतूस पूर्ण आत बसत नाही. पिनच्या मारातली अर्धी ताकद त्याला आत ढकलण्यातच जाते.

तपासणी. हत्यार रिकामं आहे हे परत एकदा बघा. बंद करा, मुठीने धरून नळी हलकेच हलवा. उघडण्याचं खटकं सैल असेल, सांध्यात खडखड होत असेल, तर पुढचा एकही बार नको.

इथे घरचं काम संपलं. स्प्रिंग ताणणं, खाली वॉशर घालणं, पिन कानशीने टोकदार करणं यातलं काहीही करू नका. टोकदार पिन टोपीला भोक पाडते आणि पेटलेला वायू मागे तुमच्याकडे येतो.

## टप्पा ६ : गनस्मिथकडे नेणे, आणि मधली हद्द

उद्यमबागेत असे लेथवाले आहेत की सुट्या भागाचा नमुना दिला तर संध्याकाळपर्यंत हुबेहूब करून देतील. त्यांच्या हाताबद्दल शंका नाही. पण १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार हत्याराची दुरुस्ती आणि चाचणी हे धंद्याचा परवाना लागणारं काम आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या उल्लंघनाची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. मित्राला भिडेखातर त्यात ओढू नका.

आता हद्द. महाराष्ट्रातल्या शिनोळीला बेळगावातून जाऊन चहा पिऊन येता येतं. निपाणीवाल्याला कागल म्हणजे घरचं अंगण. 'कोल्हापूरचा कारागीर चांगला आहे' म्हणून पिशवीत हत्यार घेऊन निघणारे मी बघितलेत. परवाना फक्त कर्नाटकापुरता वैध असेल तर सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढे किंवा बाचीच्या पलीकडे तुमच्याकडे विनापरवाना हत्यार आहे, इतकं ते सरळ आहे. चोर्ल्यातून गोव्याला जाणाऱ्यांनाही तेच लागू. दुरुस्तीला नेतोय हे कारण खरं असलं तरी हद्द वाढत नाही.

क्रम असा ठेवा:

१. हद्दीचा रकाना वाचा. भारतभर वैध असेल तर पुढे जा. नसेल तर कर्नाटकातलाच गनस्मिथ शोधा, नाहीतर परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून आधी लेखी हद्दवाढ घ्या.

२. गनस्मिथकडे दुरुस्तीचा चालू परवाना आहे का ते बघा. मागायला संकोच करू नका, चांगला माणूस स्वतःहून दाखवतो.

३. मूळ परवाना सोबत घ्या. हत्यार रिकामं, बंद पेटीत, काडतुसं वेगळ्या पिशवीत. न फुटलेली काडतुसं सोबत न्यायची असतील तर आधी फोन करून विचारा. नाहीतर खळग्यांचे जवळून काढलेले फोटो पुरतात.

४. स्वतः जा. तब्येतीमुळे जमत नसेल तर दुरुस्तीसाठी तुमच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याने हत्यार नेण्याची सोय कायद्यात आहे. नुसतं "आमच्या पोराकडे पाठवतो" चालत नाही.

५. हत्यार ठेवून येताना पावती घ्या. तिच्यावर नंबर, बोअर, तारीख आणि दोष लिहिलेला असू दे.

अर्ज कन्नडमध्ये टाईप करून घेत असाल तर हत्याराचा नंबर इंग्रजी अंकांतच लिहायला सांगा. कन्नड अंक, आपले अंक आणि इंग्रजी अंक यांच्या खिचडीत माझा स्वतःचा एक अर्ज दोन महिने एका कार्यालयात पडून होता. चूक टायपिस्टची, फेऱ्या माझ्या.

गनस्मिथला 'बघा जरा काय ते' म्हणू नका. वही पुढे ठेवा: चौथं घर, उथळ खळगा, नुसत्या चापाने, सकाळी. तो सरळ त्या जागी जातो.

## टप्पा ७ : परत घेताना

पावतीवरचा नंबर हत्यारावर बघा. बदललेला जुना भाग मागून घेऊन बघा, नवा कुठला बसवला ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. रिकाम्या हत्याराचा घोडा अंगठ्याने सावकाश मागे ओढून बघा. प्रत्येक वेळी चक्री 'खट्' करून बसली पाहिजे, बसल्यावर डुगडुगता कामा नये. सहाही घरांना हे करा, एकच बघून समाधान मानू नका. डमी राऊंड (दारू नसलेली नकली काडतुसं) असतील तर घोडा त्यांच्यावरच पाडा.

चाचणीचा बार गनस्मिथच्या परवानगीच्या जागी किंवा परवानाधारक रेंजवरच. परड्यात, उसाच्या फडात, यात्रेत किंवा वरातीत नाही. हर्षफायरिंगलाही (आनंदात हवेत बार करण्यालाही) आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. नव्या पेटीतली प्रत्येक घराला किमान दोन, म्हणजे बारा काडतुसं बिनतक्रार फुटली तर मी हत्यार भरवशाचं धरतो. अकरा फुटली आणि एक टक् झालं तर नाही. वही उघडा, चौथ्या टप्प्यापासून परत सुरू करा.

## टप्पा ८ : दोनदा दुरुस्त करूनही तेच होत असेल तर

माझं मत विचाराल तर दोन खेपांनंतर खर्च थांबवा. मी स्वतः एका विक्रेत्याकडून घेतलेल्या सेकंडहँड रिव्हॉल्व्हरवर तीनदा पैसे घातले. चक्रीचं खोबणच झिजलेलं होतं. घेताना मी नळीची चकाकी बघत बसलो होतो, चक्री हलवून बघितली नाही.

विकायचं असेल तर कलम ५ प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह आधी लेखी कळवावं लागतं, आणि त्यानंतर ४५ दिवस जावे लागतात. पैसे घेऊन हत्यार देऊन टाकलं आणि कागद नंतर केला, हा क्रम चालत नाही. घेणाऱ्याकडे त्याच प्रकारच्या हत्याराचा चालू परवाना हवा. दोष लपवू नका, वहीच त्याच्या हातात द्या. बहुतेक जण वही वाचून परत जातात.

गिऱ्हाईक नसेल तर परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करा आणि पोच परवान्याला जोडून ठेवा. दुसरं हत्यार घ्यायचं ठरवलंत तर जुन्याची नोंद परवान्यावरून उतरल्याशिवाय नव्याचा व्यवहार पक्का करू नका. २०१९ पासून एका परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि पडून असलेलं बिघडलेलं रिव्हॉल्व्हरही त्या दोनांतच मोजलं जातं.